मागच्या रेषेवरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी लाकडी खुर्ची आहे, आणि आधीच सांगून ठेवते, गोडगोड ऐकायचं असेल तर स्ट्रॉबेरी विकणाऱ्याकडे जा. लंडनच्या कडेला गवतावर टेनिसची जी मोठी स्पर्धा होते, तिथे मी तीस उन्हाळे काढले. माझा जन्म हाय विकम गावात एका सुताराच्या हातून झाला. त्याने मला ताठ पाठ दिली, दोन हात दिले, पण गादी काही दिली नाही. माझ्यावर रेषापंच बसणार होते, आणि रेषापंचाला डुलकी लागून चालत नाही.

आमच्याकडे कौतुक कशाचं होईल याचा नेम नाही. पुरुषांच्या चषकाच्या टोकावर एक अननस आहे. तो तिथे का बसला, हे कोणालाच नीट सांगता येत नाही, तरी त्याचे फोटो निघतात. कबुतरं हाकलणाऱ्या ससाण्याला स्वतःचं ओळखपत्र मिळतं. खेळाडूंनी पांढरंच घालायचं, आणि पांढरं म्हणजे पांढरं, सायीचा रंगसुद्धा चालत नाही. गवताची उंची मोजायला माणसं आहेत. चेंडू आत पडला की बाहेर, हे डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्याचं नाव मात्र कोणी विचारत नाही.

म्युरिएल थॅक्रे बावीस वर्षं माझ्यावर बसली. एरवी ती वेकफिल्डला बुटांच्या दुकानात काम करायची आणि वर्षाची सगळी रजा इथे घालवायची. तिचा नवरा सिरिल दरवर्षी सोबत यायचा आणि दरवर्षी कुरकुरायचा.

"लोकांच्या बायका सुट्टीत समुद्रावर जातात. आमची बाई एका पांढऱ्या पट्ट्याकडे टक लावून बसते."

"तुझ्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा बरं," म्युरिएल म्हणायची. "तो पट्टा निदान घोरत तरी नाही."

तिला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, अंतिम सामन्यात मागच्या रेषेवर बसायचं. बाविसाव्या वर्षी अंतिम सामन्याच्या पंचांची यादी फळ्यावर लागली आणि त्या यादीत म्युरिएलचं नाव होतं. ती माझ्याजवळ आली, कोणी बघत नाही असं पाहून तिने माझ्या हातावर थाप मारली. मला फार बरं वाटलं, ते मी का लपवू?

मध्ये एक उपांत्य सामना तेवढा राहिला होता.

तो उन्हाळा कोरडा होता. मागच्या रेषेजवळचं गवत झिजून माती उघडी पडली होती आणि रेषेची पांढरी पूड खेळाडूंच्या बुटांनी बाहेर पसरली होती. निर्णायक सेटमध्ये एक चेंडू आमच्या पुढ्यात पडला, पांढरा धुरळा उडाला आणि म्युरिएल ओरडली, "आउट!"

"अहो बाई, पूड उडाली की!" खेळाडू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "सगळ्या जगाला दिसली! तुमचे डोळे घरी राहिले का?"

प्रेक्षक हुर्यो करू लागले. उंच खुर्चीवरच्या मुख्य पंचाने तिचा निर्णय फिरवला. आता आमचा नियम असा, की रेषापंचाने पुकारा करायचा आणि मग तोंडातून शब्द काढायचा नाही. खेळाडूशी वाद नाही, खुलासा नाही. म्युरिएल गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिली.

सामना संपल्यावर गवत राखणारा विल्फ ॲस्क्यू आला. तो ओणवा झाला, गाल मातीला लागेल इतका वाकला, आणि बोटाने दाखवत म्हणाला, "हा बघा ठसा. रेषेच्या बाहेर चांगलं बोटभर. पूड उडाली ती सांडलेली. बाई बरोबर होत्या."

पंचांच्या नेमणुका करणाऱ्या प्रमुखाने वाकायचे कष्ट घेतले नाहीत. "असेल रे बाबा. पण सगळ्या देशाने धुरळा बघितलाय. रविवारी अंतिम सामन्याला त्या इथे दिसल्या तर लोक पुन्हा ओरडतील. मिसेस थॅक्रे, तुम्ही समजून घ्याल ना?"

"हो, अर्थातच," म्युरिएल म्हणाली.

"अगं, बोल की!" कुंपणापलीकडून सिरिल संतापून म्हणाला. "तू बरोबर आहेस ना?"

"आपल्यात बोलत नाहीत," ती म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

रविवारी माझ्यावर दुसरेच कोणी बसले. त्यांची काही चूक नव्हती, पण मला ते वजन सोसवेना. म्युरिएल पुढची सहा वर्षं आली. तिला कडेची लहान मैदानं मिळाली आणि मोठ्या मैदानाची यादी तिने पुन्हा वाचली नाही. पुढे यंत्रांचे डोळे आले. आता रेषेवर माणूसच नाही. यंत्राचं म्हणणं मात्र सगळे निमूट ऐकतात.

मला घासूनपुसून, नवा हिरवा रंग देऊन संग्रहालयाच्या एका दालनात ठेवलं आहे. भोवती दोरी आहे. गेल्या जूनमध्ये एक म्हातारी काठी टेकत आली. सोबत कोणी नव्हतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली, मग दोरी बाजूला सारून माझ्यावर बसू लागली.

"आजी, बसायचं नाही हं त्यावर," रखवालदार म्हणाला. "जुनी वस्तू आहे, जपावी लागते."

"माफ करा," म्युरिएल म्हणाली आणि दाराकडे गेली. मी लाकूड आहे, मला हाक मारता आली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपा असं सांगायची रीत आहे. मी सांगणार नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. पण तुमच्यासमोर कोणी मुकाट्याने बोल ऐकून घेत असेल, तर तो चुकलाच असणार असं धरून चालू नका. गुडघे मळले तरी चालतील, जरा खाली वाका आणि ठसा कुठे आहे ते बघा.