बनूच्या वाटणीचं ताक

मी एक जुना डेरा आहे. ताकाचा. आता माझ्यात म्हशीचा कोंडा भरलेला असतो, म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. एके काळी माझ्याभोवती पोरांची झुंबड उडायची.

पलूसच्या नाथाजी कुंभारानं मला घडवलं. त्याच्या थापटण्याचा मार खाऊन आणि आव्यात भाजून मी पक्का झालो. बाजारात रंगुबाईंनी मला बोटानं टणटण वाजवून पारखून घेतलं आणि स्वयंपाकघरात घुसळखांबाजवळ माझी जागा ठरली. रोज सकाळी त्यांची सून शालूबाई रवीची दोरी ओढायची आणि माझ्या पोटातला घुमारा पार गल्लीपर्यंत जायचा. शालूबाईची लेक बनू माझ्या काठाला धरूनच उभी राहायला शिकली. ज्वारीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि वाटीभर ताक, एवढं तिला सकाळी लागायचंच. पिऊन झालं, की ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन ती माझ्या पोटावर थापट्या मारायची, "आमचा डेरा, आमचा डेरा!"

आमच्या गावात ताक कुणी विकत नसे. शेजारची धोंडुबाई तांब्या घेऊन यायची आणि भरून न्यायची. आळीतली लेकरं माझ्या ताकावर वाढली असं मी म्हणतो. जरा जास्तच म्हणत असेन, पण म्हणतो.

मग ती आली. किटली!

बनूचा बाप लालासाहेब पलटणीत होता. लढाईच्या दिवसांत तो सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं ती ट्रंकेतून काढली. पांढरीशुभ्र, निळ्या काठाची, तामचिनीची, आणि नाक सदा वर. सगळी आळी तिला बघायला लोटली. "पलटणीत सकाळ-दुपार च्या मिळतो," असं लालासाहेबानं दंड दाखवत सांगितलं. तो परत गेला, पण ते बोलणं शालूबाईच्या मनात घर करून बसलं. नवऱ्याचे दंड चहानंच भरले, अशी तिची पक्की समजूत झाली.

झालं! सगळं दूध चहाला जाऊ लागलं. येईल त्याला चहा. पाहुण्याला ताक देणं आता हलकं वाटायला लागलं. विरजणाला दूध उरेना. धोंडुबाई तांब्या घेऊन आली, तर रंगुबाई म्हणाल्या, "आता ताक कुठलं? च्या घे की बाई, लेकानं किटली आणलीया!"

रंगुबाई म्हणाल्या हे! ज्यांनी मला वाजवून घेतलं, त्याच! मित्रांनो, माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! दही नव्हतं, ताक नव्हतं, नुसता मत्सर घुसळत होता.

एक दिवस मला उचलून गोठ्यात ठेवलं, कोंड्यासाठी. माझ्या जागेवर कोण बसलं? तीच. गोठ्याच्या दारातून ती मला दिवसभर दिसायची आणि मी तिला पाण्यात पाहायचो. फुटो मेली, मोडो तिचं नाक, असं म्हणायचो.

माझं मेलं एक असो. पण बनू! सकाळी उठली, की तिच्यापुढं गोडमिट्ट चहा आणि त्यात बुडवायला बाजारातलं कडक बटर. मग पोरीला भाकरी नको, भाजी नको. भूकच मेली. मैत्रिणी फुगडीला हाका मारायच्या, आणि ही गोठ्यात येऊन मला टेकून बसायची. शालूबाईच्या जिवाला घोर लागला. ती सासूला म्हणाली,

"आत्याबाई, पोरीच्या अंगात ताकदच न्हाई वो."

"मग आनी येक कप च्या दे. तरतरी येती."

पोर जितकी सुकली, तितका तिचा चहा वाढला. ओरडून सांगावंसं वाटायचं मला. पण मडक्याला तोंड असतं, जीभ नसते.

लालासाहेब पुन्हा सुट्टीवर आला. उंबऱ्यावर टेकला आणि म्हणाला, "आय, आदी ताक दे. तिकडं वाळवंटात ताकाच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा."

ताक कुठलं? शालूबाई किटली घेऊन आली. लालासाहेबानं बनूला मांडीवर घेतलं आणि तो थबकला.

"आगं, मागल्या खेपंपक्षा पोर हलकी कशी लागती?"

शालूबाईला रडूच फुटलं. "आवं, तुमच्यागत दंड भरावं म्हणून तर च्या देतीया! तुमीच म्हणाला हुता न्हवं?"

लालासाहेब आधी हसला. मग त्यानं बनूचं मनगट हातात धरलं आणि त्याचं हसू गेलं. "च्या मिळतो म्हणालो गं. पर त्याच्याआदी ताटभर चपात्या, डाळ, भाजी आसती. नुसत्या च्यावर पलटण चालती व्हय? आनी माझं दंड तर ह्या घरच्या ताकभाकरीचं हायती!"

ऐकलंत, मित्रांनो? ताकभाकरीचे! मी गोठ्यात फुलून गेलो. रंगुबाई लगबगीनं आल्या, कोंडा ओतला, मला घासलं आणि काठोकाठ पाणी भरलं. आता मी परतलोच, असं मला वाटलं. पण गोठ्यात कधीतरी वासराच्या धडकेनं माझ्या बुडाला चीर गेली होती. पाणी झिरपत झिरपत रंगुबाईंच्या पायाशी आलं. त्या माझ्यावर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. "लय केलंस बाबा," म्हणाल्या, आणि पुन्हा माझ्यात कोंडा भरला.

पुढच्या बाजारी नवा डेरा आला. नाथाजीनंच घडवलेला, म्हणजे माझा भाऊच. तो माझ्या जागेवर बसला. किटलीही गेली नाही. न्याहारी झाल्यावर मोठ्या माणसांसाठी ती चुलीवर चढतेच. आता मला दोघांचाही हेवा वाटतो.

बनू मात्र पुन्हा अंगणात फुगडी घालते. भाकरी, भाजी खाते, ताक पिते. काल तर ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन ती त्या नव्याच्या पोटावर थापट्या मारत होती, "आमचा डेरा, आमचा डेरा!" बरं वाटलं, आणि जिवाची आगही झाली.

मित्रांनो, घरात नवं काय यायचं ते येऊ द्या. पण लेकराच्या पोटात सकाळी पहिली जागा भाकरीची, भाजीची आणि ताकाची राहू द्या. पोर सुकलं, तर आधी त्याचं ताट बघा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलंच, तर शालूबाईला माझा निरोप द्या. नवा डेरा रोज आतून धुवा, उन्हात वाळवा आणि वासराला त्याच्या आसपास फिरकू देऊ नका. तो मला डोळ्यांसमोर नकोसा होतो. पण त्याच्यात बनूच्या वाटणीचं ताक आहे.