मागची सीट

चैतालीनं गाडी ठरवून टाकली होती. आता बापाच्या तोंडून 'घे' एवढा एकच शब्द निघायचा राहिला होता, आणि तो काही निघत नव्हता.

सर्जेराव कालव्यावर चौकीदार होता. कोणत्या चारीला पाणी कधी सोडायचं हे साहेब ठरवायचे, दार उचलायचं काम त्याचं. घरातही तसंच होतं. ठरवायचं काम बायकोचं, पंचशीलाचं. ती तेलगावजवळच्या शाळेत बाई होती. कोणता डॉक्टर, पोरीला कोणतं कॉलेज, घरावर पत्रे टाकायचे का स्लॅब, सगळं ती बघायची आणि सर्जेराव 'बरं' म्हणायचा. गेल्या वर्षी उसाच्या हंगामात ती गेली. तेव्हापासून सगळं त्याच्या अंगावर आलं होतं आणि त्याला बाजारातून भाजी कोणती आणावी हेही सुधरत नव्हतं.

गाडीचा विषयही तिनंच काढलेला. "चैतू अठराची झाली की गाडी घ्यायची. ती चालवंल अन् मी पुढं बसन. मागं झोपून झोपून कटाळा आला मला." असं ती म्हणायची. किडन्या निकामी झाल्यावर तिला डायलिसिससाठी सारखं बीडला न्यावं लागायचं. गावातल्या आश्रुबाची जुनी व्हॅन त्यासाठी कायमची ठरवलेली. मागच्या सीटवर चैताली बसायची आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पंचशीला झोपायची. सर्जेराव पुढं, आश्रुबाच्या शेजारी.

शेवटच्या दिवशी वडवणीच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. एकेका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या. जुन्या व्हॅनला ओढ राहिली नव्हती. आश्रुबा उजवीकडं तोंड काढायचा, समोरून काहीतरी यायचं, की परत आत. दवाखान्यात पोचले तेव्हा काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी आज हेच झालं असतं. सर्जेरावनं ते मानलं. चैतालीनं मानलं नाही.

माजलगावला गहिनीनाथकडं जुन्या गाड्या विकायला असायच्या. तिथं चैतालीनं दोन बघून ठेवल्या होत्या. एक पांढरी, लहान, पेट्रोलवर चालणारी. दुसरी काळी, उंच, डिझेलची. दिवाळीत अठरा पूर्ण झाली, लायसन आलं, आणि तेव्हापासून घरात काळी आणि पांढरी याशिवाय बोलणं नव्हतं.

"पांढरी घे," सर्जेरावनं त्या दिवशी सकाळी परत एकदा म्हणून बघितलं. "शिकाऊ माणसाला बरी असती."

"पांढरीला कोणी साइड देत न्हाई पप्पा. ट्रॉलीच्या मागं अडकली की अडकली. मला कॉलेजला रोज बीडला जायचंय."

"येष्टीनं जातीच की."

"मग मम्मीनं गाडीचं कावून म्हणून ठेवलंय?"

सर्जेरावनं चहाचा कप विसळून पालथा घातला. पोरगी काळ्या गाडीत बसून ट्रॉल्यांच्या रांगेत उजवीकडं तोंड काढतेय, एवढंच त्याला डोळ्यापुढं दिसायचं. त्या रस्त्यानं एक माणूस नेलं होतं आणि ते परत आलं नव्हतं. घरात आता दुसरं होतं ते हेच.

बाहेर आश्रुबाचा हॉर्न वाजला. गाडी पारखायला तोच येणार होता. चैतालीला शिकवलंही त्यानंच.

"जय भीम, भाऊ. चला, आज काय तो सोक्षमोक्ष लावून टाकू," तो म्हणाला. "आमच्या बापानं जल्मभर मेंढरं हाकली, मी माणसं हाकतो. खरं सांगू का, मेंढरं बरी. दार आपटत न्हाईत."

"मी कधी आपटलं मामा?" चैतालीनं विचारलं.

"आत्ता आपटलंस की."

गहिनीनाथच्या आवारात दोन्ही गाड्या पुसून उभ्या होत्या. गहिनीनाथ खुर्चीतून उठला, सर्जेरावला बसायला दिली, आणि चैतालीकडं बघत आश्रुबाला म्हणाला, "काळी म्हनता? पोरीच्या हातात? पेलंल का?"

"काका, गाडी चालवायचीय," चैताली म्हणाली. "डोक्यावर न्यायची न्हाई."

"तसं न्हाई ताई. काळीला अंगठा जरी टेकवला तरी निघती."

"तिला मी तयार केलंय बे," आश्रुबा म्हणाला. "माझ्या व्हॅनीत ज्याला गिअर सापडला त्याला विमानाचाबी सापडंल. दे चावी."

आश्रुबा ओळखीचा, म्हणून गहिनीनाथनं चावी दिली. आश्रुबा पुढं चैतालीच्या शेजारी बसला, शिकवणाऱ्याची जागा त्याचीच. सर्जेराव मागं बसला. गाडी उंच होती, चढताना त्याला वरचं कडं धरावं लागलं. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण असं मागं कधी बसलोच नाही. त्या सगळ्या फेऱ्यांत नाही.

तेलगावच्या रस्त्याला लागल्यावर काही वेळातच पुढं ट्रॉल्या दिसल्या. कारखान्याकडं चाललेला भरलेला ऊस, दोन्ही बाजूंनी लोंबणारी शेंड्यांची वाढी, मागं ना दिवा ना काही. चैतालीनं स्टिअरिंगवर हात घट्ट केले.

"थांब जरा. पुढचं दिसू दे," आश्रुबा म्हणाला.

"दिसतंय मामा."

आणि तिनं गाडी काढली. काळी निघाली ती खरंच निघाली. सर्जेरावची पाठ सीटला चिकटली. एक ट्रॉली मागं गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टरवाल्याचं गाणं एकदा कानावर आपटून गेलं, परत ट्रॉली, परत गाणं. मधे घुसायला जागा नव्हती आणि समोरून एक मोटारसायकल येत होती, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन बांधलेली. चैतालीनं अजून दाबलं. रांग संपली, गाडी आत आली, आणि सगळं मोकळं झालं.

सर्जेरावनं मागच्या काचेतून बघितलं. दूधवाला रस्त्याखाली उतरलेला होता. मोटारसायकल तिरकी, एक पाय जमिनीवर टेकवलेला, कॅन धरून उभा.

"बघितलं पप्पा?" चैतालीचा आवाज चढला होता. कितीतरी दिवसांनी तो असा चढला होता. "त्या दिवशी ही असती तर? सांगा ना. ही असती तर आपण कधीच पोचलो असतो."

आश्रुबानं आरशात सर्जेरावकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"गाडी थांबव," सर्जेराव म्हणाला.

तिनं एका बाभळीखाली गाडी घेतली. तो खाली उतरला आणि तिथंच चाकाला पाठ टेकून बसला. चैताली बाटली घेऊन आली.

"दूधवाला बघितला का?" त्यानं विचारलं.

"कोणता?"

तिनं खरंच बघितला नव्हता. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. रागावायला हवं होतं, पण रागावायलाही अंगात जोर लागतो. पंचशीलानं हिला काय सांगितलं असतं, कसं सांगितलं असतं, ते त्याला सुचेना. त्याला नुसतं आडवं व्हावंसं वाटत होतं.

"आता परत जाऊ," तो म्हणाला. "मी मागं झोपतो."

"बरं न्हाई का तुमाला?"

"बरं हाय. तुझी आई झोपायची तसा झोपतो. तू म्हणतीस ना, ही असती तर. बघू दे मला. हिच्यातून नेता आलं असतं का तिला."

"पप्पा, असं काय करता?"

"चल. आता वेळ नको लावू."

तो चपला काढून मागच्या सीटवर आडवा झाला. डोकं एका दाराशी, पाय दुसऱ्या दाराशी. झोपल्यावर रस्ता दिसत नव्हता. विजेच्या तारा दिसत होत्या, त्या खाली यायच्या, वर जायच्या. कुठं उसाचा तुरा, कुठं लिंबाचा शेंडा. बीडच्या रस्त्यावर तिला वर्षभर हेच दिसलं असणार. आपण पुढं बसून गावं मोजत होतो, आणि तिला कोणतं गाव आलं हेही कळत नसणार.

गाडी वळली आणि चालू लागली. पहिल्याच खड्ड्यात तो वर उडाला आणि डोकं दारावर आदळलं.

"लागलं का?" चैतालीनं ओरडून विचारलं.

"न्हाई."

लागलं होतं. थोडं पुढं गेल्यावर परत गाडी आदळली, आणि या वेळेला तो सीटवरून निम्मा घसरला. त्यानं पुढच्या सीटच्या पाठीला हात लावून धरलं. मग त्याला जाणवलं, गाडी हळू झालीय. इंजिनचा आवाज खाली आला.

"खड्डा, पप्पा," चैताली म्हणाली.

त्यानं अंग धरलं. चाक सावकाश खाली गेलं, सावकाश वर आलं.

"परत खड्डा. डावीकडं."

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. व्हॅनमध्ये तो पाठीमागून यायचा. 'खड्डा, मम्मी.' आधी सांगायचं, म्हणजे तिनं दात आवळून धरावेत. तो ऐकायचा आणि समोर बघत बसायचा. आज तो आवाज पुढून येत होता आणि मधेच चिरकत होता.

कारखान्यावर ऊस टाकून रिकाम्या ट्रॉल्या परत चालल्या होत्या. त्या खडखडत पुढं लागल्या. चैतालीनं गाडी त्यांच्या मागं लावली.

"मोकळं हाय सगळं," आश्रुबा हळूच म्हणाला. "काढायची तर काढ."

"राहू द्या मामा. पप्पा झोपलेत."

माजलगाव येईपर्यंत ती त्या ट्रॉल्यांच्या मागंच चालली. मागून एकानं हॉर्न देऊन देऊन जीव काढला आणि पुढं निघून गेला.

आवारात गाडी थांबली. गहिनीनाथ धावत आला. "काय मग ताई? निघती का न्हाई?"

"निघती," चैताली म्हणाली. तिचे डोळे लाल होते. ती सरळ पांढरीपाशी गेली आणि तिचं मागचं दार उघडलं. "पप्पा, हिच्यात झोपा."

"आता?"

"झोपा की."

सर्जेराव गेला आणि झोपला. पांढरीत गुडघे छातीला आले. चैतालीनं दार लावून बघितलं, तर ते लागेना. पावलं बाहेर राहत होती.

"मी इतक्या गाड्या विकल्या," गहिनीनाथ आश्रुबाला म्हणाला. "लोकं हॉर्न वाजवून बघत्यात, टायरला लाथ मारून बघत्यात. झोपून बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं."

"तू गप बस बे," आश्रुबा म्हणाला.

सर्जेराव पडल्या पडल्या पोरीकडं बघत होता. "मागं झोपायला आता कोण हाय, चैतू?"

ती दाराच्या कडेवर बोट फिरवत राहिली.

"तुमी हायत की," ती म्हणाली.

आश्रुबानं खिशातला रुमाल काढला आणि पांढरीची काच पुसू लागला. काच आधीच स्वच्छ होती.

सर्जेराव उठून बसला. चपला शोधून पायात घातल्या. त्याला आजवर वाटत होतं की भीती आपल्या एकट्यालाच आहे.

"पांढरीत पाय मावत न्हाईत," चैताली म्हणाली. आता तिच्या बोलण्यात सकाळचा हट्ट नव्हता. त्याच्याइतकीच तीही दमलेली दिसत होती. "काळीत मावतात. हळू चालवली तर आदळतबी न्हाई. तुमी सांगा."

काळी तीच होती. तिची ओढ काही कमी झाली नव्हती, आणि उद्या कॉलेजला जाताना मागं कोणी झोपलेलं नसणार होतं. हे त्याला कळत होतं. पोरगी अठराची आहे हेही कळत होतं. पण आजवर ती गाडी कशाला हवी ते ती सांगत होती आणि त्याला पटत नव्हतं. आज तिनं सांगितलं ते त्याला नाकारता येईना.

"घे," तो म्हणाला.

बाकीची बोलणी आश्रुबानं केली. कागद नंतर होतील, गाडी आजच न्या, असं गहिनीनाथच म्हणाला. त्यानं पुढं काचेपाशी झेंडूचा हार बांधला. आश्रुबा आपली व्हॅन घेऊन आधी निघाला.

सर्जेरावनं मागचं दार उघडलं.

"आता पुढं या की पप्पा. मामा गेले."

पंचशीला बसणार होती त्या पुढच्या सीटकडं त्यानं बघितलं. "राहू दे," तो म्हणाला आणि मागं बसला. चैतालीनं परत विचारलं नाही. तिनं आपली बॅगही तिथं ठेवली नाही, पायाशी घेतली होती ती मागं बापाकडं दिली.

तेलगावच्या रस्त्याला परत ट्रॉल्या लागल्या, भरलेल्या. उजवीकडचा इंडिकेटर टिकटिक करू लागला. सर्जेरावनं बॅग मांडीवर धरून ठेवली. थोडा वेळ टिकटिक चालली. मग बंद झाली.

"खड्डा, पप्पा."

"हं," तो म्हणाला.