काठोकाठ

चौथ्या कॅफेतही कप काठोकाठ भरून आला, तसा मुतलक खुर्चीवरून उठायला लागला.

नौफने त्याची बाही ओढली. "बसा हो बाबा. कुणी हाकलत नाहीये तुम्हाला."

"भरून दिलंय की."

"इथे सगळ्यांनाच भरून देतात."

"मग सगळ्यांनाच हाकलतायत."

तो बसला, पण खुर्चीच्या कडेवर. आजूबाजूची पोरं संगणकात डोकी घालून बसली होती. अम्मानच्या या डोंगरउतारावर दर वीस पावलांवर एक कॅफे होता, आणि बापलेक सकाळपासून ते पालथे घालत होते. हौस म्हणून नव्हे. शहरात कॉफीच्या धंद्याचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे कॉफी ओतायला मुतलकला दक्षिणेकडच्या करक गावाहून बोलावलं होतं. बोलावणारा लुअय, पाच कॅफेंचा तरुण मालक. पहिल्याच दिवशी खूश होऊन तो म्हणाला होता की काका, आता आमच्याकडेच या, पाचांपैकी हवा तो कॅफे निवडा. महिन्याचा पगार, शिवाय विमा. त्या विम्यात मुतलकच्या डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बसत होतं. नौफ इस्पितळात परिचारिका. तिने कागद दोनदा वाचून खात्री करून घेतली होती, आणि आज सुट्टी नसताना अर्धा दिवस मागून घेतला होता.

"तिसरा बरा होता," ती म्हणाली. "खिडकीपाशी बसलात तर गुडघ्यांवर ऊन येईल."

"तिसऱ्यातल्या कॉफीला फुलांचा वास येत होता."

"तो मुद्दाम आणतात, बाबा."

"कॉफीला कॉफीचा वास आणायला कुणाच्या बापाचं काय जातं?"

नौफ हसली आणि तिने पाचव्या कॅफेचा पत्ता काढला.

चाळीस वर्षं मुतलक करकच्या पंचक्रोशीत लग्नांत, मयतांत आणि भांडणं मिटवायच्या बैठकांत कॉफी ओतत आला होता. एकदा खुनाच्या समेटाला दोनशे माणसं श्वास रोखून बसलेली असताना त्याच्या चोचीच्या किटलीतून, दल्ल्यातून, एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता. तिकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मुतलकला मुलगा नाही म्हणून लोकांनी त्याला न झालेल्या मुलाचा बाप करून पाहिलं. त्याने ओ दिली नाही. शेवटी सगळे मुकाट्याने अबू नौफ, नौफचा बाप, म्हणू लागले. पण आता मयताच्या घरीसुद्धा थर्मास आणि कागदी पेले आले होते, आणि त्याचा फोन आठ-आठ दिवस वाजत नव्हता.

पाचवा कॅफे पाहून तो म्हणाला, "तिसराच घेऊ." नौफ कामावर गेली.

दुपारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस सुरू झाला. भाड्याचा जरीकाठी झगा घालून मुतलक लुअयच्या गाळ्यात उभा राहिला. लोक घोटभरच देतो म्हणून कुरकुरतात, काका कंजूस आहेत का म्हणून विचारतात, हे लुअयने आदल्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं. मुतलकनेही ते हसण्यावारी नेलं होतं.

चारच्या सुमारास सल्त गावचा एक म्हातारा काठी टेकत आला. सल्तच्या बाजारात त्याची दुकानं होती आणि त्यांतली दोन लुअयला कॅफेसाठी हवी होती. लुअयने त्याला गादीवर बसवलं आणि मुतलकला म्हणाला, "यांना तरी भरून द्या. मान ठेवा जरा."

मुतलकने रीतीप्रमाणे पहिला पेला स्वतः प्यायला. मग म्हाताऱ्याला तळ जेमतेम झाकेल एवढी कॉफी दिली. डोळा गेल्यापासून तो कॉफीच्या आवाजावरून माप धरायचा. थोडी ओतली की पाहुण्याला सांगितलं जातं, बसा, पुन्हा ओतायला मी उभा आहे. भरलेला पेला वैऱ्याला. तो हातात आला की पाहुण्याने पिऊन चालू लागावं. पूर्वी अशा पेल्यावरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात गेली नाहीत.

"कुठला तू?" म्हाताऱ्याने विचारलं.

"करकचा. अबू नौफ."

लुअय मुतलकच्या कानाशी वाकला. त्याचं हसू तसंच होतं. "काका, माझ्या कॅफेत हे चालणार नाही. भरूनच द्यायचं. जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

विम्याच्या कागदावर बोट फिरवत वाचणारी नौफ मुतलकच्या डोळ्यांपुढे आली.

"आत्ताच सांगू?"

"आत्ताच."

त्याने नवा पेला घेतला आणि ओतू लागला. आवाज बारीक होत होत थांबला. काठावर कॉफी फुगून राहिली. उजव्या हाताने, किंचित झुकून, त्याने तो पेला लुअयपुढे धरला.

"घे, पोरा. हा तुझा."

"बघा, जमतंय की," लुअय म्हणाला. त्याने पेला उंच धरून फोटो काढून घेतला, लगेच फोनवरून नौफसकट सगळ्यांना पाठवला आणि चवीने प्यायला.

म्हाताऱ्याने आधी लुअयकडे पाहिलं, मग मुतलककडे. आपला रिकामा पेला हलवून, बस झालं अशी खूण करून, त्याने तो परत दिला. "हात स्थिर आहे तुझा, अबू नौफ," तो हळूच म्हणाला आणि काठी घेऊन उठला. दुकानांचा विषय निघालाच नाही.

मुतलक झगा उतरवून त्याची घडी घालू लागला, तेव्हा लुअय गोंधळला. अजून दोन तास होते.

"आत्ताच सांगा म्हणालास ना," मुतलक म्हणाला. "सांगून झालं."

प्रसाधनगृहात तो आपली भांडी धूत असताना फोन वाजला.

"बाबा, फोटो पाहिला. तो पेला तुम्ही भरलात?"

"हो."

"आणि डोळा?"

"दुसरा आहे की."

नौफ हसायला गेली, पण तिने नाक ओढलेलं त्याला ऐकू आलं. सहाला सुटते, बसपाशी येते, म्हणाली.

त्याने दल्ला धुतला. मग एकेक पेला अंगठ्याने घासला आणि चांगल्या डोळ्यासमोर धरून पाहिला. डाग आहे की नाही, नीट कळेना. मागे हात धुवायला कोटवाल्यांची रांग लागली होती, कुणीतरी खाकरलं. मुतलकने नळ थोडा मोठा केला आणि पुन्हा पहिला पेला हातात घेतला.