उलटी बारव

ताडकळसच्या पुढं, माळाच्या कडेला वैजीनाथचं दोन एकर बरड रान होतं. तो चोवीस वर्षांचा असताना त्यानं आणि थोरल्या भावानं, परमेश्वरनं, तिथं विहीर खणली. चाळीस फूट गेले तरी ओल लागली नाही. निघाला तो नुसता काळा दगड. ढिगाऱ्याकडं बघत वैजीनाथ म्हणाला, "खाली तर कायच न्हाई. आता वर जाऊन बघू." भावाला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी वैजीनाथनं पहिला थर रचला.

गावच्या जुन्या बारवेत चारी बाजूंनी पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात. वैजीनाथची बारव तशीच, पण उलटी. चारी बाजूंनी पायऱ्या वर चढायच्या आणि टोकाला दगडाचं कुंड. चुना नाही, सिमेंट नाही. दगड दगडावर बसेपर्यंत तो छिन्नीनं ठोकत राहायचा. दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परतलं की पुन्हा माळ गाठायचा. अशी चौतीस वर्षं गेली. मधल्या काळात परमेश्वर वारला, त्याची बायकोही गेली. त्यांचं चार वर्षांचं पोर, बजरंग, वैजीनाथनं आणि त्याच्या बायकोनं, छबूबाईनं, पदरात घेतलं. त्यांना स्वतःचं लेकरू नव्हतं. लोक वैजीनाथला येडा गवंडी म्हणायचे, आणि पाव्हणे आले की त्यांना हटकून माळावर घेऊन जायचे.

यंदा छबूबाईचे गुडघे धरले. ती गावातच राहिली आणि वैजीनाथ एकटाच, जोडी नसल्यानं अर्धा कोयता म्हणून, टोळीबरोबर गेला. बजरंग आता ग्रामपंचायतीत निवडून आला होता. निघताना तो म्हणाला, "नाना, तुमी बिनघोर जावा. बारवंकडं मी बघतो."

चैत्रात ट्रकमधून उतरून वैजीनाथ घरीसुद्धा न जाता थेट माळावर गेला. तिथं जीपा उभ्या होत्या. बारवेला लोखंडी जाळी बसवली होती, टोकावर भगवा झेंडा होता आणि कुंड पालथं घालून त्यावर शेंदूर फासलेल्या पादुका ठेवल्या होत्या. पायथ्याला फलक होता: 'पांडवांनी एका रात्रीत बांधलेले जागृत देवस्थान.'

"म्हाताऱ्या, चप्पल काढ आन रांगंत ये," गळ्यात उपरणं घातलेला एक अनोळखी पोरगा म्हणाला.

"हे मी बांधलंय," वैजीनाथ म्हणाला.

रांगेतली माणसं हसली. वैजीनाथनं इकडंतिकडं पाहिलं. नारळाच्या दुकानात सूर्यभान बसला होता. पहिल्या वर्षापासून दगड उचलू लागलेला हा मित्र. तिसऱ्या थराखाली त्याच्या करंगळीचं टोक चेंगरून गेलं होतं.

"सूर्यभान, सांग यांना."

सूर्यभाननं चेंगरलेला हात मांडीखाली घेतला. "लय जुनं हाय हे," तो गिऱ्हाइकाकडं बघत म्हणाला. "आमच्या आज्यानं बी असंच बघितलेलं."

वैजीनाथ घरी आला. छबूबाई भाकरी थापत होती. त्यानं काही विचारायच्या आधीच ती बोलली.

"बजरंगनं मला इचारलं हुतं. मी हो म्हनले."

"तू?"

"पयल्या दिवशी दिवा मीच लावला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "चौतीस साल तुमी त्या दगडापाशी हुता. मी इथं एकली. लोक मला येड्याची बायकू म्हनायचे. आता पाया पडत्यात. आवं, बांधलेलं तर उभंच हाय की. कुनाचं नाव लागलं त्यानं काय बिघडलं?"

ती इतके दिवस हे मनात धरून होती, हेच त्याला नवीन होतं. तो न जेवता उठला.

शनिवारी भर दुपारी, माळावर गर्दी असताना, वैजीनाथ छिन्नी घेऊन मागच्या बाजूनं वर चढला. पादुका त्यानं नीट बाजूला ठेवल्या आणि वरच्या थराचा पहिला दगड सैल केला. तो दुसऱ्या दगडाला हात घालतोय तोच बजरंग धावत वर आला आणि त्यानं त्याचे दोन्ही हात मागून धरले. या पोराला वैजीनाथनं खांद्यावर बसवून याच पायऱ्यांवरून वर नेलं होतं.

"सोड, बजरंग. माझं मी काढायलाव."

बजरंगनं खाली गर्दीकडं तोंड केलं. "माफ करा, मंडळी. आमचे नाना हायत. माझा बाप, त्यांचा भाऊ, गेल्यापासनं डोक्यावर परिनाम झालाय."

कुणीतरी चुकचुकलं. छबूबाई पहिल्या पायरीपाशी उभी होती. वैजीनाथनं तिच्याकडं बघितलं. गर्दीही तिच्याकडंच बघत होती.

"घरी चला," ती म्हणाली. "ऊन लागलंय तुमाला."

त्यानं छिन्नी सोडून दिली. दोघा पोरांनी त्याला दंडाला धरून खाली आणलं. बायका बाजूला सरून वाट देत होत्या. एकीनं त्याच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. तो त्यानं तिथंच पायरीवर ठेवला.

त्यानंतर सहा महिने तो एका घरात राहून छबूबाईशी बोलला नाही. बजरंग दोनदा येऊन बसला. एकदा म्हणाला, "नाना, गावाचं भलं झालं, ते तर बघा." वैजीनाथ उठून गोठ्यात गेला.

दसऱ्याला टोळी निघाली तेव्हा तो ट्रकमध्ये सगळ्यांच्या आधी चढून बसला. चैत्रात टोळी परतली, वैजीनाथ परतला नाही. कारखान्याजवळच्या एका गावात जनावरं सांभाळायला राहिला. मुकादमानं निघताना विचारलं, "घरी काय निरोप सांगू?"

"कुनाच्या घरी?" वैजीनाथ म्हणाला, आणि वैरणीचा भारा उचलून गोठ्याकडं गेला.