केळ्यातल्या गुठळ्या

मुलीचं घरातलं नाव खारू. दात आले त्या दिवसापासून ती काही ना काही कुरतडतच असायची. पावाची कड, काकडीची साल, एकदा तर बापाच्या वहाणेचा पट्टा. म्हणून आत्याने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता ती साडेचार वर्षांची होती आणि गेले तेरा दिवस तिने दाताला काही लागू दिलं नव्हतं.

तेरा दिवसांपूर्वी आईनेच तिच्या हातात गाजराचा तुकडा दिला होता. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. त्या दिवशी सुट्टी होती, तरी कुठल्या डबीत कुणाचा चष्मा आहे हे ती फोनवर मालकांना सांगत बसली होती आणि पोरीची मागे भुणभुण चालली होती. "हे घे, खा आणि गप्प बस." पोर गप्प बसली. फारच गप्प बसली. आईने वळून पाहिलं तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. नवऱ्याची बसवरची पाळी दुपारची होती म्हणून तो घरात होता. त्याने पोरीला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीत धपाटे मारले. चौथ्या धपाट्याला गाजर फरशीवर पडलं.

त्यानंतर दूध आणि गाळलेलं सूप, एवढंच. सूपमध्ये कण दिसला की वाटी दूर. भात नको, अंडं नको, बिस्किट नको. समजावून झालं, गोष्टी सांगून झाल्या, बाहुली देतो म्हणून लालूच दाखवून झाली. शेवटी दवाखाना झाला.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "घसा मोकळा आहे, सगळं तपासलं. अडकलीय ती भीती. पण भीतीने वजन उतरतंय ना! सोमवारी सकाळी या. काटा तेरा किलोच्या खाली गेला तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल."

"नळी घातली तर ती आणखीच घाबरेल हो," आई म्हणाली.

"घाबरेल. पण जगेल."

शनिवारी संध्याकाळी नणंद आली. ती बेकरीत पहाटेपासून पीठ मळायची, त्यामुळे तिच्या अंगाला नेहमी लोण्याचा वास यायचा. तिने पिशवीतून चार पिकलेली केळी, मैदा, लोणी आणि केकचं पसरट भांडं काढलं.

"उद्या हिच्याकडून केक करून घे," ती भावजयीला म्हणाली. "तू करू नकोस. तिला करू दे. खा म्हणून तर बोलूच नकोस. हातातून तोंडात जायला वाट लांब नसते, पण ज्याची त्याला चालावी लागते."

"ताई, परवा सकाळी काटा आहे. वाट चालायला वेळ कुठाय?"

"मग धावायला लाव आणि बघ काय होतं," नणंद म्हणाली आणि पिशवी झटकून निघून गेली.

रविवारी नवऱ्याची दिवसभराची पाळी होती. दहाच्या सुमारास आईने टेबलाला स्टूल लावलं, खारूला त्यावर उभं केलं आणि तिच्या हातात काटा-चमच्यातला काटा दिला. "ही केळी कुस्करायची. एकदम बारीक."

खारूने एक केळं कुस्करलं. मग काट्याने ढवळून पाहिलं आणि थांबली.

"इथे गुठळी आहे."

"असू दे. भाजली की विरघळते."

"अडकेल," खारू म्हणाली. आणि तिने ती गुठळी शोधून काट्याच्या पाठीने दाबली. मग दुसरी. मग तिसरी. एका केळ्यात एवढ्या गुठळ्या असतात हे आईला जन्मात माहीत नव्हतं. पोर भांड्यात नाक खुपसून पोलिसासारखी एकेक गुठळी पकडत होती आणि सापडली की दात ओठ खाऊन चिरडत होती. पाऊण तास गेला. तीन केळी संपली. चौथं तिने बाजूला ठेवलं, "हे दमलंय," म्हणाली.

आई घड्याळाकडे बघत होती. तिच्या डोक्यात एकच हिशोब होता. आत्ता अकरा वाजलेत, बाराला केक होईल, एकपर्यंत खाल्ला तर चारला आणखी, आठला आणखी, सकाळी काटा. पोटात दोनशे ग्रॅम जरी राहिले तरी काटा हलेल. तिने पोरीच्या हातातून भांडं जवळजवळ ओढूनच घेतलं, लोणी-साखर घोटली, अंडं फोडलं, मैदा टाकला आणि भरभर ढवळलं.

"मी ढवळणार होते," खारू म्हणाली.

"पुढच्या वेळी."

भट्टी छोटी होती, ओट्यावर ठेवायची, आणि तिच्या बटणावरचे आकडे कधीच पुसून गेले होते. घाईत आईने बटण जास्तच फिरवलं. अर्ध्या तासात घरभर करपल्याचा वास सुटला. भांडं बाहेर काढलं तर वरून कोळसा आणि आत कच्चं, चिकट, गुठळ्या-गुठळ्यांचं.

खारूने स्टुलावरून वाकून पाहिलं. "बघ," ती म्हणाली. "गुठळ्या."

त्या एका शब्दाने आईचा तोल गेला. तेरा दिवसांची जागरणं, तो गाजराचा तुकडा, नळी, सगळं एकदम वर आलं. तिने करपलेली कड तोडून टाकली, आतला शिजलेला त्यातल्या त्यात बरा घास घेतला, दुसऱ्या हाताने पोरीचे गाल दाबले आणि तो घास तिच्या तोंडात कोंबला. "खा! मऊ आहे! काही होत नाही! गिळ म्हणते ना!"

खारू ओरडलीसुद्धा नाही. तिचे डोळे मोठे झाले, अगदी त्या दिवशी झाले होते तसे. मग तिने सगळं आईच्या हातावर थुंकलं, स्टुलावरून घसरली आणि टेबलाखाली जाऊन भिंतीला चिकटली. फरशीवर ओल पसरली. दोन वर्षांपूर्वी लंगोट सुटलेली पोर.

आई ओट्याला टेकून खाली बसली. हाताला चिकटलेला लगदा पुसायचंही तिला सुचेना. आपण हे केलं, हे तिला दिसत होतं आणि पटत नव्हतं. दुकानात ती केसाएवढा चरा पडू नये म्हणून काच दोन बोटांत अलगद धरायची, आणि त्याच बोटांचे वळ आता पोरीच्या गालावर होते.

"खारू, चुकलं माझं," ती म्हणाली. "परत नाही करणार. कध्धी नाही."

आईच्या पोटात गुरगुरलं, मोठ्याने. सकाळपासून तीही चहावरच होती.

"तुझं पोट ओरडतंय," टेबलाखालून आवाज आला.

"भूक लागलीय."

"मग खा ना."

आईने भांड्यातला बरा तुकडा घेऊन तोंडात टाकला. तिलाही तो गिळवत नव्हता.

"चाव," खारू म्हणाली. "अजून चाव. वीसपर्यंत." आणि तिने मोजायला सुरुवात केली. बारानंतर पंधरा, मग चौदा, मग एकदम वीस. "आता आ कर."

ती रांगत बाहेर आली, आईची हनुवटी धरली आणि तिच्या तोंडात डोकावली. "जीभ वर. आता बाजूला." सगळीकडे नीट पाहून झाल्यावर तिने विचारलं, "कुठे गेलं?"

"खाली. पोटात."

"अडकलं नाही?"

"नाही."

"त्या दिवशी माझं का अडकलं?"

"कारण ते कडक होतं आणि मी तुला मोठा तुकडा दिला. आणि माझं तुझ्याकडे लक्ष नव्हतं."

खारूने यावर थोडा विचार केला. "चड्डी बदल माझी," ती म्हणाली.

चड्डी बदलल्यावर ती आपणहून स्टुलावर चढली आणि ते चौथं केळं सोलायला लागली. आईने या वेळी काही केलं नाही. मैदा सांडला, अंड्याचं कवच पडलं ते पोरीने बोटाने काढलं, पीठ ढवळता ढवळता तिचं कोपर लोण्यात बुडालं. आई फक्त भट्टीजवळ उभी राहिली आणि बटण कमी-जास्त करत राहिली. दोन वाजून गेले. केक जेमतेम तळहाताएवढा झाला, पण मऊ झाला.

खारूने त्यातला नखाएवढा तुकडा तोडला, दुधाच्या पेल्यात टाकला आणि चमच्याने ढवळत बसली.

"तू बघू नकोस," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड कर."

आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे चमचा वाजला. थांबला. मग काहीच ऐकू येईना. आईला वाटलं, वळावं. गप्प झाली की काय होतं ते तिला ठाऊक होतं. तिने रंग उडालेल्या भिंतीवर दोन्ही तळवे टेकले आणि दातांखाली जीभ धरली. मागे पोर खोकली. एकदा, दोनदा. आई वळली नाही.

"झालं," खारू म्हणाली. पेला अर्धा झाला होता आणि तुकडा नव्हता.

संध्याकाळपर्यंत तसे आणखी तीन तुकडे गेले. नवरा आला तेव्हा आईने त्याला सगळं सांगितलं, कोंबल्याचंही. तो पोरीच्या गालावरून अंगठा फिरवत तिच्याजवळ बसला.

सोमवारी काटा बारा किलो आठशेवर थांबला.

"पण ती खायला लागलीय!" आई म्हणाली. "चार तुकडे खाल्ले तिने. खरं सांगते!"

"किती मोठे?"

आईने नखाकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांची नजर पोरीच्या गालाकडे गेली. "हे काय झालं, बाळा?"

"आईने कोंबलं," खारू म्हणाली. "मग सॉरी म्हणाली."

आईने मान खाली घातली. आता पोरीला आपल्यापासून दूरच नेतील, असं तिला वाटलं.

"इथे येणाऱ्या दहातल्या नऊ आया कोंबतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि दहावी सांगत नाही. परत करायचं नाही, कळलं? तो केक रोज आणा. पण नळी आजच घालू. चार तुकड्यांवर मी तिला घरी पाठवू शकत नाही."

नळी घालताना खारूचे हात आईलाच धरावे लागले. पोर "आई, नको" एवढंच म्हणत राहिली आणि आई तिचे हात धरत राहिली. दोन दिवस खारू आईशी बोलली नाही. औषध बापाकडून, पाणी आत्याकडून. आई खाटेच्या पायथ्याशी बसायची, नणंदेने आणलेल्या केकचा डबा उघडून ठेवायची आणि एक शब्द बोलायची नाही. बुधवारी दुपारी पोरीने डब्यात हात घातला, तुकडा चिमटून पाहिला आणि नाक मुरडलं.

"हा आत्याने केलाय," ती आईला म्हणाली. "तिने नीट कुस्करलं नाही. तू केळं आण."

दहाव्या दिवशी नळी निघाली. घरी आल्यावरही महिनाभर सगळं भिजवूनच चाललं. तुकडा नखाएवढ्याचा बोटाएवढा व्हायला तीन आठवडे लागले, आणि मध्ये दोन दिवस ती पुन्हा नुसत्या दुधावर गेली तेव्हा आईने रात्र रडून काढली.

आई दुकानात परत रुजू झाली त्या दिवशी खारू आत्याकडे होती. दुपारी फोन आला. आई मशीनवर काच घासत होती. तिने फोन कानाला लावला आणि आधी मागचा आवाज ऐकला, पोर रडतेय का, खोकतेय का.

"अगं, घाबरू नकोस," नणंद म्हणाली. "पावाची कड खाल्ली. कोरडी. मी माझ्यासाठी ठेवली होती, तर हिने पळवली. आता दुसरी मागतेय. देऊ का?"

"लहान करून दे," ती कसंबसं म्हणाली. "आणि तिच्याजवळ बस. तिथून उठू नकोस, ताई."

फोन ठेवल्यावर तिने काच उचलली आणि तशीच ट्रेमध्ये परत ठेवून दिली. समोर चष्मा न्यायला आलेले एक आजोबा ताटकळत उभे होते.

"आजोबा, तुमचा चष्मा उद्या देते," ती म्हणाली. "आज माझ्याच्याने नाही व्हायचं."