पांढरेशुभ्र राहिलेले मोजे

मोजे म्हणजे मोजे. पाय आत घालायचा, भोक पडलं की रफू करायचं आणि रफूच्याही पलीकडे गेले की त्यांनी खिडकीच्या काचा पुसायच्या. आमच्या घरात इतक्या वर्षांत मोज्यांवर याहून जास्त बोलणं झालेलं नाही. म्हणून दुकानदाराने ती जोडी पुढे ठेवून किंमत सांगितली, तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, मला फक्त मोजे हवेत. बूट आहेत घरी."

तो हसला. स्वतः पळणारा असावा, अंगावर नावाला मांस नव्हतं. "काकू, हे पळण्याचे मोजे आहेत. याला डावा-उजवा असतो."

"मोज्याला?"

"बघा ना, अक्षर लिहिलंय."

मी अक्षर नाही बघितलं. मी मोजा उलटा केला. कपडे उसवून लहान-मोठे करण्यात माझं आयुष्य गेलंय. हातात काही पडलं की आधी आतली बाजू बघायची, ही सवय. बोटांवरून जाणारी ती जाड शिवण यात नव्हतीच. टाचेला दुहेरी वीण. कापड बोटांत चोळलं तर घाम धरून ठेवणारं वाटेना. काम चोख होतं, पण तसं बोलून दाखवलं असतं तर भावात घासाघीस कशी करणार?

घासाघीस झालीच नाही. पैसे मोजले आणि दोन जोड्या आणल्या.

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगते. आमच्या ह्यांना साखर आहे. पायांची जाणीव हळूहळू चाललीय. एकदा बुटात खडा घेऊन पळून आले आणि त्यांना पत्ता नाही. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "पळा, चांगलंच आहे. पण पायाला जखम होऊन चिघळली तर पळणं बंद. आणि पळण्यावरच थांबेल असंही नाही. मोजे चांगले घ्या, पांढरे घ्या, म्हणजे रक्त आलं तर दिसेल."

तुम्ही म्हणाल, मग बसावं की घरी गप्प. पण मी त्यांना गप्प बसलेलं पाहिलंय हो. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. दोघांचं काम असतं ते, एक वर, एक खाली. यांचा जोडीदार आजारपणात गेला आणि त्याच वर्षी हे निवृत्त झाले. त्यानंतर ह्यांनी एक खुर्ची खिडकीशी ओढली आणि त्यात बसले ते बसलेच. चहा ठेवला तर गार व्हायचा. काही विचारलं तर "हूं". आणि माझ्यासारखी बाई, जिला भांडी घासतानाही बोलायला कुणीतरी लागतं! दिवसच्या दिवस मी भिंतीशी बोलत होते. मग साखर निघाली, चाला म्हणून सांगितलं, चालता चालता हे पळायला लागले. एक दिवस घामाने निथळत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आज भाजी काय आहे?" मी आत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. गल्लीतली पोरं त्यांना आता 'एक्स्प्रेस' म्हणतात. म्हणोत. ते पळणं बंद झालं तर माझा माणूस परत त्या खुर्चीत जाऊन बसेल, एवढीच मला धास्ती.

मोजे बघून हे म्हणाले, "यात सोन्याची तार ओवलीय का?"

"हो. गहाण ठेवता येतील."

"आणि पांढरे कशाला? काळे आणायचे. मळ दिसत नाही."

"दिसावा म्हणूनच पांढरे आणलेत. घाला मुकाट्याने."

घातले. रोज घालायला लागले. आणि काय सांगू, ते मोजे म्हणजे नवलच! धुवायला घ्यावेत तर आधीच स्वच्छ. तळव्याला बुटाचा थोडासा करडा रंग, बाकी दुधासारखे. रक्ताचा ठिपका नाही, घामाचा पिवळा डाग नाही. मी खूश. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई नुकत्याच चालायला लागल्या होत्या. त्यांनी विचारलं, "एवढे पैसे घालण्यासारखे आहेत का हो ते?" मी म्हटलं, "डोळे मिटून घ्या. मळतच नाहीत!"

त्यांनी घेतले. आठवडा झाला नसेल, जिना चढून वर आल्या. हातात त्यांची जोडी, आतून-बाहेरून कळकट. "तुमचेच कसे हो पांढरे राहतात?"

"धुण्याला हात लागतो बाई," मी म्हटलं. काय तो माझा तोरा!

पुढे एका सकाळी हे पळायला गेले होते आणि मी आदल्या दिवशीच्या, वाळलेल्या जोडीची घडी घालत होते. सवयीने उलटी केली. बोटांच्या जागी आत बारीक काळी लव चिकटलेली. पांढऱ्या मोज्यात काळी लव? बूट तर आतून करडे. चिमटीत धरून चोळून पाहिली. सुती. जुनं, विटलेलं सूत. आणि ते सूत माझ्या ओळखीचं होतं.

हे नेहमी बाहेर जिन्यातच बूट-मोजे काढून आत येत. त्या दिवशी मी दारातच उभी राहिले. "तसेच आत या. इथे बसा. माझ्यासमोर काढा."

"का गं? झडती आहे का?"

"हो."

बूट काढले. पांढरे मोजे काढताना हात जरा रेंगाळला. खाली त्यांचे जुने काळे मोजे. टाचेला मीच केलेलं रफू, दोऱ्याची जाडजूड गाठ आलेलं. घाईत केलं होतं. त्यांनी डावा मोजा ओढला, तो टाचेला चिकटला होता. मी ओरडले, "थांबा!" कोमट पाणी आणून भिजवून भिजवून सोडवला. बरोबर रफूच्या जागी जखम. शर्टाच्या गुंडीएवढी, ओली, कडेने लाल. ते वाकून बघत होते, कुणा दुसऱ्याचा पाय बघावा तसे.

"अगं, पण दुखत नाहीये."

दुखत नाही, हीच तर भीती होती.

"हे काय केलंत तुम्ही? का?"

त्यांनी पांढरे मोजे उचलून मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाले, "एवढे महागाचे. त्यासाठी तू किती कपडे जास्तीचे शिवायला घेतलेस, चष्मा काढून डोळे चोळत बसायचीस, मी बघत होतो. ते पायाखाली घासवायचे जिवावर आलं. म्हटलं आतून जुने घालू. वरचे टिकतील."

"अहो, मोजे टिकवायला आणले होते का मी? पाय टिकवायला आणले होते!" मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं. त्या मेल्या काळ्या मोज्यांनी रक्त पिऊन टाकलं आणि मी पांढरे मिरवत बसले.

"डॉक्टरांकडे नको ना नेऊस," ते म्हणाले. "बंद करतील."

खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, नको न्यायला. घरीच मलम लावू. खुर्ची खिडकीशीच होती. मग मी पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हटलं, "उठा."

डॉक्टरबाईंनी पट्टी बांधली. "बूट घालायचे नाहीत. रोज बघायचं. भरली तर पळा. नाही भरली तर मग वेगळं बोलावं लागेल." वेगळं म्हणजे काय, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

खुर्ची आली नशिबी. पण रोज सकाळी ते पाय माझ्या मशीनच्या स्टुलावर ठेवायचे आणि मी पट्टी सोडायचे. ते पायाकडे बघायचेच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायचे. एकदा मी बोळ्याने टाच पुसत होते आणि ते आपणहून बोलायला लागले. जोडीदाराबद्दल. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

"बटण दाबायच्या आधी आम्ही एकमेकांना हाक द्यायचो," म्हणाले. "मी वरून ओरडायचो, 'चालू?' तो खालून ओरडायचा, 'चालू!' त्याचं उत्तर आल्याशिवाय मी कधी बटणाला हात लावला नाही. तो गेल्यावर वाटायचं, आता विचारायचं कुणाला?"

मी पट्टी गुंडाळत राहिले.

जखम भरत आली. एकदा मध्येच पाणी धरलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला, पण परत सुकली. शेवटी डॉक्टरबाईंनी टाच दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "हळूहळू सुरू करा. रोज पाय बघायचा. आणि एकच मोजा हं, आजोबा!" घरी आल्यावर मी काळ्या मोज्यांच्या कात्रीने चिंध्या केल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरे मोजे नुसत्या पायात घातले, डावा डाव्यात, उजवा उजव्यात. बूट बांधले. दार उघडलं आणि उंबऱ्यावर थांबले.

"चालू?"

"चालू," मी म्हटलं.

परत येईपर्यंत मी एकाच पँटची तीच शिवण दोनदा उसवली. आले ते लालबुंद होऊन, धापा टाकत. न सांगता खुर्चीत बसले, दोन्ही पाय स्टुलावर ठेवले आणि स्वतःच मोजे काढले. टाच कोरडी, धड. मोजे माझ्या हातात देताना मात्र ओशाळले. "मळले गं पार."

मी ते उलटे केले. आत घामाचे डाग, तळव्याला काळपट मळ, आणि वास तर विचारूच नका. रक्ताचा मात्र एक ठिपका नाही. मी खिडकीपाशी गेले आणि खाली वाकून हाक मारली, "मास्तरीणबाई! अहो, आमचेही मळले!"