तीन बाणांचं पाकीट

मित्रांनो, मी एक जुनं खाकी पाकीट आहे. जुनं म्हणायचं ते आपली रीत म्हणून. माझी नोकरी मोजून चार दिवसांची. पुढचे सगळे दिवस नुसते वाट बघण्यात गेले, आणि माझी चिडचिड आहे ती त्याचीच.

बाहेरून जाड कागद, आतून हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक आणि दोघांना जन्माचं बांधून ठेवणारा डिंक, असा मी घडलो. शेवटी यंत्राने माझ्या पाठीवर हिरवा शिक्का मारला. एकमेकांच्या शेपटीमागे धावणारे तीन बाण, खाली ठळक अक्षरात 'पुन्हा उपयोगात येणारे'. केवढा फुगलो मी तेव्हा!

माझ्या पोटातून एका मुलीचा पहिला चष्मा आला. तिच्या आईने मला टराटरा फाडलं नाही, कात्रीने कडेकडेने उघडलं. मुलीने चष्मा लावला आणि सगळ्यात आधी माझी पाठ वाचली. मग माझ्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलं, 'वही हो.'

शनिवारी आई मला सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर घेऊन गेली. पत्र्याच्या शेडखाली मावशी कचरा निवडत बसल्या होत्या. त्यांनी नखाने माझा कागद जरासा उचकटला आणि मला परत आईच्या हातात दिलं.

"ताई, हे न्या घरी."

"अहो मावशी, छापलंय की त्यावर."

"छापायला काय जातंय? कागदवाला म्हणतो यात प्लास्टिक आहे, प्लास्टिकवाला म्हणतो यात कागद आहे. दोन्ही सुटं करायची सोय इथे कुणाकडे नाही."

आईला ते पटेना. घरी लेक वहीची वाट बघत होती. मावशींची पाठ वळताच आईने मला बुटांच्या एका खोक्यात सरकवलं. मीही गुपचूप पडून राहिलो. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

खोक्यांचा गठ्ठा बांधून कागदाच्या कारखान्यात गेला. तिथे तो एका कडेने उचकटून तपासला, मी दिसलो आणि अख्खा गठ्ठा माघारी आला. मावशींनी गठ्ठ्याच्या तारा कापल्या आणि दिवसभर वाकून पुन्हा एकेक खोकं निवडलं. त्यांच्या हाताला मी लागलो तेव्हा मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

पुढच्या शनिवारी लेकही आईसोबत आली. मावशींनी मला दोघींसमोर धरलं.

"हे अक्षर हिचंच ना?"

आईचे कान लाल झाले. "चुकलं मावशी. मला वाटलं, तुम्हाला माहीत नसेल."

"वीस वर्षं हेच करते मी," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

घरी दोघींनी मला बादलीत भिजत घातलं. सोलून सोलून बोटं दुखली, तेव्हा कुठे बोटभर कागद सुटला. "डिंकाचं काम मात्र एक नंबर," आई वैतागून म्हणाली. मला वाळत घालताना लेकीला बाणांखाली मुंगीच्या पायांएवढी अक्षरं दिसली. 'जिथे सोय असेल तिथे.'

"आई, इथे सोय नाही ना?"

"नाही."

"मग इथे का पाठवतात?"

आईने माझ्यावरचा चष्म्याच्या कंपनीचा पत्ता शोधला. मला विचाराल तर मला कुठून ठाऊक असणार? स्वतःची पाठ कुणाला वाचता येते?

आईने कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. क्षमा मागितली होती आणि सोबत चष्मा पुसायचं फडकं भेट दिलं होतं. फडकं कशात घालून आलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. माझाच सख्खा भाऊ, पाठीवर तेच तीन बाण.

आईने आम्हा दोघांना मावशींकडे नेलं. "आता टाकायला नाही आणलं. लोकांना दाखवायला ठेवा."

मावशींनी आम्हाला दारातल्या खिळ्याला टांगलं. लेकीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हे इथे होत नाही.' आता लोक येतात, वाचतात, आपलं पाकीट उलटंसुलटं करतात आणि मुकाट्याने पिशवीत परत घालतात. माझ्या कोपऱ्यावरची पेन्सिल पुसट झाली आहे, पण 'वही हो' अजून वाचता येतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. जपून माझी वही व्हायची नाही. पण मोठेपणी तुमच्यापैकी कुणी पाकिटं बनवायला लागलंच, तर शिक्का मारण्याआधी एकदा इथे या. मावशी सकाळी आठपासून असतात. त्यांना विचारा.